लग्नाचे फोटो काढले म्हणजे विकला गेला?

माझा एक मित्र सह्याद्रीचे फोटो काढतो. ऐन पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर पहाटे चारला टेंटमधून बाहेर पडून, कोकणकड्यावरचे ढग हटायची वाट बघत तीन-तीन तास बसणारा माणूस. त्याच्या इन्स्टावर फक्त डोंगर दिसतात. पण त्याचं दुसरंही एक अकाउंट आहे, त्यावर त्याचं नाव नाही. तिथे हळदी, प्री-वेडिंग, बारशी. गेल्या सीझनला एका लग्नात आमच्या कॉलेजची पोरं पाहुणे म्हणून आली, तर हा पठ्ठ्या कॅमेरा घेऊन केटररच्या तंबूत जाऊन बसला. नंतर मला म्हणतो, "यार, मी विकला गेलोय."

याच्या लॅपटॉपच्या वॉलपेपरवर ॲन्सेल ॲडम्सचा फोटो आहे. म्हणून हा लेख.

अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचे ते ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही पाहिले असतील, नाव माहीत नसलं तरी. ॲडम्सचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, १९०२ चा. शाळेत तो काही रमला नाही. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, घरच्यांबरोबर योसेमिटीला गेला आणि तिथे आई-वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. मोटिव्हेशनल रीलवाले एवढंच सांगून थांबतात. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं गड्याला पियानोवादक व्हायचं होतं! १९२७ मध्ये त्याने हाफ डोमच्या कड्याचा गाजलेला फोटो काढला, तेव्हाही ठरलेलं नव्हतं. फोटोग्राफीच करायची हे पक्कं झालं १९३० च्या सुमारास, अठ्ठाविसाव्या वर्षी. (बाविसाव्या वर्षी 'तुझं पुढचं काय?' विचारणाऱ्या सगळ्या काकांना हा परिच्छेद फॉरवर्ड करायला माझी हरकत नाही.)

आणि मग पोट कशावर भरलं? डोंगरांवर नाही. निदान फक्त डोंगरांवर तरी नाहीच. योसेमिटीत हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीसाठी त्याने पर्यटनाच्या जाहिरातींचे फोटो काढले. कोडॅकसाठी काम केलं. ब्लॅक अँड व्हाइटचा हा बादशहा कोडॅकच्या भल्यामोठ्या रंगीत जाहिरातींसाठीही फोटो काढत होता. १९६९ मध्ये तर त्याचा योसेमिटीचा फोटो कॉफीच्या डब्यावर छापला गेला. कॉफीच्या डब्यावर! आज आपल्याकडे कुणी असं केलं तर कमेंट्समध्ये काय होईल, विचार करा.

माझ्या मित्राला मी सांगितलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. ॲडम्सचा सगळ्यात प्रसिद्ध फोटो 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको' कामाच्या दौऱ्यात निघालाय. १९४१ मध्ये नॅशनल पार्क सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने त्याला आपल्या इमारतीत लावायला मोठे फोटो काढायचं काम दिलं होतं. त्याच दौऱ्यात एका पोटॅश कंपनीचंही काम होतं. १ नोव्हेंबरला दिवसभर मनासारखं काही मिळालं नाही. संध्याकाळी गाडीने परतताना रस्त्याकडेला एक छोटं गाव दिसलं. दफनभूमीतल्या क्रॉसवर शेवटचं ऊन, वर चंद्र. गाडी थांबवली, कॅमेरा लावला, तर लाइट मीटरच सापडेना. चंद्राची प्रखरता किती, हा आकडा त्याच्या डोक्यात होता. त्यावरून एक्स्पोजरचा हिशेब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायच्या आत ऊन गेलं. (या फोटोचं सालही त्याला धड आठवायचं नाही. चंद्राच्या जागेवरून तारीख शोधून काढली ती खगोल अभ्यासकांनी.) त्या दिवसाचे पैसे त्याने सरकारकडे मागितले नव्हते, म्हणून फोटो त्याचा स्वतःचा राहिला.

तो हिशेब डोक्यात कुठून आला? ॲडम्स त्याआधी लॉस एंजेलिसच्या एका आर्ट स्कूलमध्ये शिकवायचा. एक्स्पोजर नेमकं कसं ठरवायचं याची 'झोन सिस्टीम' त्याने फ्रेड आर्चरबरोबर तिथेच बसवली. म्हणजे तेही पगारी कामच. मला तर वाटतं, पोटापाण्याची कामं केली नसती तर त्या संध्याकाळी तो नुसता चंद्राकडे बघत राहिला असता.

मित्राला हे पूर्ण पटलेलं नाही. "लग्नं माझे सगळे वीकेंड खातात, त्याचं काय?" हे खरं आहे, आणि ॲडम्सही अशा कामांना वैतागायचाच. वेळ जातो, पैसे बुडवणारे भेटतात, वरून "जरा गोरी करा हं" म्हणणाऱ्या मावश्या. माझं म्हणणं एवढंच की लपायचं कशाला? मांडवातल्या पिवळ्या बल्बखाली ज्याला नवरीचा चेहरा नीट टिपता येतो, त्याने प्रकाश शिकण्यात वेळ वाया घालवला, असं मी तरी म्हणणार नाही.

पुढच्या रविवारी त्याची जुन्नरला ऑर्डर आहे. नाणेघाट तिथून तासाभरावर. मुहूर्त दुपारचा आहे, म्हणजे सकाळ मोकळी.