परांचीची ओळ वेगळी लिहा

मलकापुरातल्या आमच्या दुमजली घराच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक हाती आलं, तेव्हा मी त्यात आधी परांची शोधली. सिमेंट, वाळू, कौलं, मजुरी, रंग सगळं होतं, परांची नव्हती. "ती मजुरीतच धरलीय की, बाई," मिस्त्री म्हणाले. ती मजुरीत धरू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत गिलाव्याचा दर परांची आणि पाणी मारण्यासकट दिलेला असतो. ज्या ठेकेदाराच्या पाइप-फळ्या स्वतःच्या आहेत, त्याला तो परवडतो. घरदुरुस्तीचा गवंडी मात्र सगळं भाड्यानं आणतो. दर ठरलेला, भाडं रोज वाढणारं. मग कात्री लागते ती फळ्यांना. दोनाऐवजी एकच फळी, कठडा नाही, आधाराला पिंप. वर उभा असतो तो त्याचाच भाऊ नाहीतर भाचा.

हिशेब अवघड नाही. 30 फूट रुंद, 20 फूट उंच भिंत म्हणजे 600 चौरस फूट, 6 ब्रास. अशा चारही भिंतींना एकदम परांची बांधली तर माल चौपट लागतो, पण दिवस कमी. एकाच भिंतीचा माल फिरवला तर माल थोडा, दिवस जास्त आणि बांधण्या-सोडण्याची मजुरी चार वेळा. शिवाय कोल्हापुराहून आणण्या-नेण्याचं गाडीभाडं, हमाली, अनामत, हरवलेल्या कपलरची भरपाई.

आमच्याकडं यात पाऊसही धरावा लागतो. काम मेअखेरपर्यंत रेंगाळलं आणि मृग बरसला, की बाहेरचा गिलावा थांबतो. पाइप भिंतीला उभे आणि भाडं चालू. आमच्या शाहूवाडी तालुक्यात काम दिवाळीनंतर काढावं ते यासाठी. आणि परांची उभी आहे तोवर पन्हळी, खिडक्यांवरच्या पडद्या, कौलांची शेवटची ओळ, रंग हे सगळं उरकून घ्यावं. नंतर एका पन्हळीसाठी पुन्हा बांधायची, तर पुन्हा तेवढीच गाडी आणि तेवढीच हमाली.

मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींची गोष्ट वेगळी. एकेरी परांचीची आडवी लाकडं भिंतीतल्या भोकांत टेकवतात. मातीची भिंत त्यानं खिळखिळी होते. तिथं दुहेरी, स्वतःच्या पायावर उभी राहणारीच परांची हवी. बांबू जास्त लागतील, लागू देत. आपल्या पश्चिम भागातला माणगा बांबू भरीव असतो, आणि 2017 पासून वनाबाहेरचा बांबू कायद्यानं झाड धरला जात नाही, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू मिळणंही सोपं झालंय.

मिस्त्रींनी अखेर अंदाजपत्रक नव्यानं लिहिलं: परांचीचं भाडं दिवसांवर, वाहतूक, बांधणं-सोडणं, आणि कठडा व सुरक्षा पट्टे. यातलं काहीही घासाघीस करून कमी करायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं. रंगाची एक छटा कमी भारी घेतली, तरी घर उभंच राहतं.