रामजन्म 53वा का लागतो?

गदिमांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी चाली लावलेली गीतरामायणातली गीतं 56. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 च्या रामनवमीला ती सुरू झाली आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक अशी लोकांनी ऐकली. हीच गीतं पेनड्राइव्हवर 1 ते 56 अशी नावं देऊन घ्या आणि घरच्या म्युझिक सेटला लावा. बऱ्याच सेटवर पहिल्या गीतानंतर दहावं लागतं. दशरथाने पुत्रासाठी यज्ञ करण्याआधीच विश्वामित्र रामाला मिथिलेकडे नेत असतात! रामजन्माचं गीत मूळ क्रमात सहावं, इथे ते 53वं येतं, म्हणजे रावणवध होऊन गेल्यावर. आणि शेवट होतो त्राटिकावधाने.

सेटचं यात काही बिघडलेलं नसतं. तो आकड्याची किंमत पाहत नाही, डावीकडून एकेक अक्षर पाहतो. त्यामुळे त्याच्या लेखी 10 हा 2 च्या आधी. 01, 02, 03 असं लिहिलं की रामायण जागेवर येतं. काही स्वस्त सेट नावही बघत नाहीत. फाइल ज्या क्रमाने ड्राइव्हवर उतरली त्याच क्रमाने वाजवतात. तिथे मोकळ्या ड्राइव्हवर गाणी क्रमाने, एकामागून एक उतरवावी लागतात.

दुबईतल्या देरामध्ये हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. इथल्या मराठी घरांत गावाकडून आई-वडील व्हिजिट व्हिसावर येतात, मुलगा-सून दिवसभर कामावर. आई-वडिलांच्या हाती फोनमधलं ॲप देण्यापेक्षा रिमोटचं एक बटण देणं मला जास्त मायेचं वाटतं. शिवाय ॲपवरची गाणी आपल्या मालकीची नसतात. मार्च 2023 मध्ये करार जुळला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघून गेली होती. स्वतःच्या सीडीवरून उतरवलेलं किंवा रीतसर विकत घेतलेलं गाणं असं कुणी काढून नेत नाही.

इथल्या सबखा रस्त्यावरच्या दुकानांत सेट घेताना आपण वॉट विचारतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा. हा कोणत्या प्रकारच्या फाइल वाजवतो आणि कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह वाचतो? बहुतेक सेटना फॅट32 चालतं. एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल तर अनेक सेट ड्राइव्ह ओळखतच नाहीत, आणि लोक ड्राइव्ह खराब म्हणून टाकून देतात. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं 32 जीबीपर्यंतच फॅट32 करता येत असे, म्हणून 32 जीबीचा ड्राइव्ह सगळ्यात बिनत्रासाचा. सीडीच्या दर्जाच्या फ्लॅक फाइल केल्या तरी त्यात 70-80 अल्बम सहज बसतात. फाइलची नावं मात्र रोमन लिपीत द्या. पुष्कळ सेटच्या पडद्यावर देवनागरीचे नुसते चौकोन उमटतात.

फ्लॅक की एमपी3? भावगीतांना 320 केबीपीएसच्या एमपी3 ने काही कमी पडत नाही. पण शास्त्रीय गायनाच्या सीडीवर अनेकदा विलंबित आणि द्रुत असे दोन तुकडे असतात. एमपी3 करताना प्रत्येक तुकड्याच्या कडेला थोडी शांतता चिकटते. विलंबित संपून द्रुत सुरू होतानाच तानपुरा तुटतो. ऐकणाऱ्याची बैठक तिथेच मोडते, मला तरी ते सहन होत नाही. असा राग सीडीवरून उतरवतानाच सलग एक फाइल करावी, आणि सेटला चालत असेल तर फ्लॅकमध्येच ठेवावी.

फुटपाथवर किरकोळ भावात मिळणारा 1 टीबीचा ड्राइव्ह घेऊ नका. अशा ड्राइव्हमध्ये खरी जागा थोडी असते, फक्त आकडा मोठा दाखवलेला असतो. ती भरली की नवी गाणी जुन्यांवर चढतात किंवा नीट साठतच नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्राम ही लबाडी उघड करतो. घेतल्या दिवशीच तो चालवा.

चांगला ड्राइव्हसुद्धा एखाद्या दिवशी न सांगता बंद पडतो. म्हणून या शनिवार-रविवारी घरातला ड्राइव्ह काढा, गाण्यांना 01 पासून आकडे द्या, गायकाचं आणि संगीतकाराचं नाव लिहा, आणि त्याची एक प्रत संगणकावर ठेवा.