कॅमेरा वाघाचा, फोटो बाईचा

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. बचत गटाच्या बैठकीसाठी जंगलाला लागून असलेल्या एका गावात गेले होते. हिशेब झाला, चहा झाला, तरी बायका उठेनात. शेवटी एक काकू हळूच म्हणाल्या, "ताई, सरपणाच्या वाटंवर झाडाले कॅमेरा बांधला हाय. आता आम्ही बसाचं कुठं?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण परत येताना एसटीत बसल्यावर ते हसू काही टिकलं नाही.

कॅमेरा कशासाठी लावलाय, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. एकीला वाटत होतं, लाकूडचोर पकडायला. दुसरीला वाटत होतं, साहेब ऑफिसात बसून टीव्हीवर सगळं बघतात. मग मीच थोडी माहिती काढली.

हा कॅमेरा वाटेच्या कडेला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर झाडाला बांधतात. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की फोटो आपोआप निघतो, रात्रीसुद्धा. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटो आतल्या कार्डावर साठतात. कॅमेरे समोरासमोर जोडीनं लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. आपल्या बोटांच्या ठशांसारखेच प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे. त्यावरून वाघ ओळखायचा आणि मोजायचा. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तसंच.

काम मोलाचं आहे, यात शंका नाही. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात उसाच्या पट्ट्यात असे कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानं दाखवून दिलं, की जंगल म्हणावं असं काही नसलेल्या या शेतीच्या भागात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच मोठे बिबटे राहतात. बिबट्या रानातून वाट चुकून येत नाही, तो आपला शेजारीच आहे, हे आपल्याला या कॅमेऱ्यानं शिकवलं. असा अभ्यास एका बाईनं केला, याचा मला विशेष अभिमान वाटतो.

पण कॅमेऱ्याला वाघ कुठला आणि बाई कुठली, हे कळत नाही. २०१८ च्या देशभरातल्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. फोटो निघाले जवळजवळ तीन कोटी ४८ लाख, त्यात वाघांचे ७६ हजारांच्या आसपास. वाटेवरून जे जे जाईल त्याचा फोटो निघणारच. हरीण, रानडुक्कर, गुरं आणि डोक्यावर मोळी घेतलेली बाईसुद्धा.

उत्तराखंडातल्या कॉर्बेट परिसरात याचं पुढे काय होतं, ते केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनी २०२४ मध्ये मांडलं. चौदा महिने राहून ते २७० जणांशी बोलले. जंगलात बायका मोठ्यानं गाणी म्हणत, गप्पा मारत, म्हणजे आवाज ऐकून जनावर दूर जाई. कॅमेरे आले आणि त्यांचे आवाज बसले. कॅमेरा टाळायला काही जणी आडवाटेला, अनोळखी रानात जाऊ लागल्या. एका महिलेचा अगदी खासगी क्षणाचा फोटो तर गावातल्या मोबाईलवर फिरला. चिडलेल्या लोकांनी कॅमेरे फोडले. यात वाघाचं भलं झालं, ना बाईचं.

घरात चार माणसं, वर दारू पिणारा नवरा असेल तर मैत्रिणींशी मोकळं बोलायला त्या बाईला जागा कुठली? रानच ना! शहरात बसून हे आपल्या लक्षात येत नाही. आणि हौस म्हणून कुणी जंगलात जात नाही. २०२५ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ कुठे फिरतोय हे कळण्याची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच होती, नाही का?

म्हणून माझं म्हणणं कॅमेरे काढा असं नाहीच. कॅमेरे लावा, पण आधी गावात या. ग्रामसभेत सांगा, आणि बायकांची वेगळी बैठक घ्या, कारण चारचौघात त्या बोलणार नाहीत. सरपणाच्या, मोहाच्या, बसायच्या जागा त्यांना विचारा आणि त्या सोडून कॅमेरा बांधा. माणसांचे फोटो पुसून टाका, ते कुणाच्या मोबाईलवर जाता कामा नयेत. आणि वाघाचा फोटो निघाला तर अहवालात जाण्याआधी तो या पायवाटेला आहे, एवढं गावाला कळवा.

हे उपकार म्हणून मागायचं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मोहफुलं, तेंदूपत्ता गोळा करण्याचा हक्क त्यांना दिलेलाच आहे. हक्कानं जाणाऱ्या बाईनं चोरासारखं तोंड लपवून का जावं?

पुढच्या बैठकीला मी त्या काकूंना एवढंच म्हटलं, "वनरक्षक आले की आपण सगळ्या मिळून विचारू." काकू पदर खोचत म्हणाल्या, "इचारू ना ताई, भ्यायचं काय? वाघाले नाही भेलो, तर डब्याले काय भ्यायचं!"

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाजवळ असा डबा बांधलेला दिसला तर फोडू नका. पण विचारल्याशिवाय राहूही नका.