आरतीचे ताट आता मुलांनी धरावे



गेल्या १५ ऑगस्टला आमच्या शाळेत स्वातंत्र्याचे नाटक झाले. सगळी मुलं क्रांतिकारक झाली. त्यांना लाकडाच्या बंदुका मिळाल्या. आम्हां मुलींना काय, तर आरतीचे ताट! नाटक संपेपर्यंत मी ताट धरून कोपऱ्यात उभी होते. हात भरून आले. मी म्हटले, मलाही क्रांतिकारक व्हायचे आहे. तर मुलं हसली. म्हणाली, "बायका कुठं लढल्या?" मी म्हटले, झाशीची राणी. तर म्हणाली, "ती राणी होती. तिच्याकडं घोडा होता."

मग बाईंनी आम्हांला हौसाताई पाटील यांची गोष्ट सांगितली. त्या काही राणी नव्हत्या. त्या क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या. लहानपणीच त्यांची आई वारली. इंग्रज सरकारने त्यांचे घर आणि जमीन जप्त केली. पुढे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. म्हणजे इंग्रजांचा हुकूम मानायचा नाही, गावचा न्याय गावानेच करायचा. १९४३ ते १९४६ पर्यंत हौसाताई या लढ्यात होत्या. सुरुवातीला त्यांचे वय होते फक्त १७.

एकदा पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या होत्या. हौसाताई आणि एक साथीदार नवरा-बायकोचे सोंग घेऊन ठाण्यासमोर भांडू लागले. तो त्यांना मारू लागला. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले. तेवढ्यात बाकीच्यांनी आतल्या बंदुका नेल्या. सोंग खोटे होते, पण मार खरा होता.

१९४४ साली त्या गोव्यातही गेल्या. तिथे तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. एक साथीदार तुरुंगात होता. त्याची बहीण म्हणून हौसाताई भेटायला गेल्या आणि अंबाड्यात चिठ्ठी लपवून नेली. त्याच मोहिमेत त्यांनी रात्री मांडवी नदी ओलांडली. त्या लाकडी पेटीवर आणि साथीदार बाजूने पोहत. केवढी मोठी नदी ती!

कुणी म्हणेल, हौसाताईंनी नुसते सोंग केले. मला तसे वाटत नाही. बंदूक नेणाऱ्याला पळून जाता येते. पण मार खाणारीला पोलिसांसमोरच थांबावे लागते. ते जास्त धाडसाचे आहे.

हौसाताई २०२१ साली वयाच्या ९५ व्या वर्षी वारल्या. पण त्यांचे काम आपण विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे असे, की यंदाच्या नाटकात ठाण्यासमोरचा प्रवेश घ्यावा. हौसाताई मी होईन. मार खायला मी तयार आहे, पण हळू मारा! पालकांना विनंती आहे, की मुलगी नाटकात उभी राहिली तर नको म्हणू नका. आणि आरतीचे ताट यंदा मुलांनी धरावे. म्हणजे हात कसे दुखतात ते त्यांनाही कळेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी