पातळ कळफलक

संगणकाचा माझा जुना कळफलक या पावसाळ्यात अखेर रुसला. सगळा नव्हे, एकच कळ गेली. पण गेली ती नेमकी ‘एन’ची. इंग्रजी लिहिणाऱ्याचे त्यावाचून काय अडते ते असो. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी लिहिणाऱ्याचा त्या एका कळीबरोबर ‘ल’ जातो आणि शिफ्टसकट ‘ळ’ही जातो. म्हणजे डिचोलीही गेली आणि साखळीही. गोव्यातल्या माणसाने मग लिहायचे तरी काय?

लेकीने पणजीहून नवा आणला. “बाबा, हो पळय, कितलो बारीक!” म्हणत टेबलावर ठेवला. दिसायला सुरेख होता, खोटे कशाला बोलू? त्याच्या शेजारी जुना म्हणजे चिऱ्यांचा गडगाच. पहिल्या दिवशी मी हरखून गेलो. बोटे नुसती घसरत होती, आणि आवाज म्हणाल तर नाहीच. माझ्या खडखडाटावरून घरात सगळ्यांना कळायचे की हे कामात आहेत, चहाचे नंतर विचारू. त्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरातूनच विचारले, “आयज बरयनात तुमी?” तोवर माझे दीड पान लिहून झाले होते.

कौतुक आठवडाभर टिकले.

जुन्या कळफलकात प्रत्येक कळीखाली रबराची एक टोपी असते. कळ दाबली की ती दबते, बोटाला हलकासा ठोका लागतो, बोट उचलले की पुन्हा फुगते. कळ साडेतीन-चार मिलिमीटर खाली जाते. पातळ कळफलकात कळीखाली कात्रीसारखी दुमडणारी प्लॅस्टिकची जोडणी असते आणि कळ जेमतेम दीड-दोन मिलिमीटर हलते. जुन्या कळा मध्ये खोलगट, नव्या सपाट. दोन मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे कुणाला वाटेल. मलाही वाटले होते.

पण आपल्या लिपीचा हिशेब वेगळा आहे. इन्स्क्रिप्टची मांडणी १९८०च्या दशकात आखली गेली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजवीकडे बहुतेक व्यंजने. फार विचाराने केलेली गोष्ट आहे ती. मी मराठी लिहितो, कोकणी लिहितो, बोटे तीच. बेळगावात कानडी लिहिणाऱ्याचा ‘क’सुद्धा याच कळीवर. मात्र बाजारातल्या बहुतेक कळफलकांवर यातले एकही अक्षर छापलेले नसते. चिकटवलेल्या पट्ट्या घामाने निघून जातात. तेव्हा डोळ्यांचा उपयोग नाही, बोटांनीच ओळखायचे. ‘एफ’ आणि ‘जे’वरचा बारीक उंचवटा, म्हणजे आपली ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’, एवढीच खूण.

त्यात शिफ्ट. ब-भ, त-थ, द-ध, प-फ, क-ख या जोड्या एकाच कळीवर राहतात. इंग्रजीत शिफ्ट निसटली तर मोठे अक्षर लहान होते, शब्द तोच राहतो. आपल्याकडे अक्षरच बदलते. ‘स्त्री’ लिहायला सहा कळा, त्यांतल्या दोन हलन्ताच्या. एक पुरती दबली नाही की जोडाक्षर मोडले. पातळ कळफलकावर शिफ्ट दबली की नुसती शिवली गेली, हे माझ्या करंगळीला समजेना.

मडगावच्या एका मित्राचे थोरले बंधू वारले. त्यांना सगळे भाऊच म्हणत. मी त्याला चार ओळींची मेल लिहिली, मनापासून लिहिली. रात्री सहज उघडून पाहिली तर पहिलेच वाक्य: ‘बाऊ गेल्याचे कळले.’ शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राचा इथे उपयोग नाही, कारण ‘बाऊ’ हाही मराठी शब्दच आहे. दिवसकार्याला गेलो तेव्हा मित्र त्याबद्दल काही बोलला नाही. मीही नाही.

सवय नाही, होईल, असे लेक म्हणाली. दोन महिने दिले. चुका कमी झाल्या हे खरे, पण त्या कशा कमी झाल्या? प्रत्येक ‘भ’ आणि ‘थ’ उमटला का, हे मी पडद्यावर पाहू लागलो म्हणून. वाक्य कुठे चालले आहे यावर असायचे ते लक्ष अक्षरे मोजण्यात जाऊ लागले. वीस वर्षांत हात आपोआप करत होते ते काम पुन्हा डोक्याकडे आले. माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती मला लहान वाटत नाही.

या वस्तू दुकानात उचलून पाहणाऱ्यासाठी घडवलेल्या असतात. तासन्‌तास लिहिणाऱ्याला कोणी विचारलेले नसते. ॲपलसारख्या कंपनीनेही २०१५ मध्ये पातळपणाच्या हौसेने आपल्या लॅपटॉपला फुलपाखरी रचनेच्या कळा बसवल्या. त्या अडकू लागल्या, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि २०२० पर्यंत सगळे लॅपटॉप मुकाट्याने कात्रीच्या रचनेवर परतले. पातळपणाला माझा विरोध नाही. प्रवासात न्यायला उत्तमच. पण रोजच्या लेखनाच्या टेबलावर तो प्रगती म्हणून मिरवावा, हे पटत नाही.

गेल्या रविवारी माळ्यावरून जुना काढला. ‘एन’ची कळ उचकटली तर खाली मुंग्यांनी घर केलेले. पावसाळ्यात त्यांना तरी दुसरी कुठली कोरडी जागा मिळणार! ब्रशने झाडले, उन्हात ठेवला. चालला. नवा लेक घेऊन गेली. ती मराठी रोमन अक्षरांतून लिहिते, ‘भ’साठी ‘बी’ आणि ‘एच’ दाबते; शिफ्टशी तिचे काही देणेघेणे नाही.

हा लेख जुन्यावरच लिहिला. ‘ळ’ दोनदा अडकला.