बंद पाकिटातले तीन हजार कोटी

घोडबंदर रस्त्यावर चेण्याच्या आसपास कोंडी झाली की ठाणे, मीरा-भाईंदर आणि वसई, तिन्हीकडची वाहतूक तुंबते. त्यावर उपाय म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) गायमुख ते फाउंटन हॉटेल असा सुमारे पाच किलोमीटरचा जुळा बोगदा आणि पुढे भाईंदरपर्यंत ९.८ किलोमीटरचा उन्नत मार्ग आखला. अंदाजित खर्च १४ हजार कोटी रुपये.

या कामांच्या निविदांमध्ये एल अँड टी ही कंपनी तांत्रिक छाननीतच बाद झाली, तिची दराची पाकिटे उघडलीच गेली नाहीत. सर्वांत कमी दर मेघा इंजिनिअरिंगचा ठरला. उच्च न्यायालयाने याविरुद्धची तिची याचिका फेटाळल्यावर एल अँड टी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि तिथे तिने आपले आकडे सांगितले: बोगदा ६,४९८ कोटी, उन्नत मार्ग ५,५५४ कोटी. दोन्ही मिळून मेघापेक्षा सुमारे ३,१०० कोटींनी कमी! ३० मे २०२५ रोजी एमएमआरडीएने निविदा रद्द केल्या.

एवढी तफावत येते कुठून? सिमेंट, सळई, मजुरी यांचा हिशेब अवघड नसतो. सरकारी दरसूची सगळ्यांच्याच हाती असते. कस लागतो तो जोखमीची किंमत लावताना. डोंगराखाली खडक कसा लागेल, परवानग्या कधी मिळतील, बिले कधी निघतील? राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी २०२५ मध्ये ८९ हजार कोटींची थकबाकी असल्याचा दावा केला होता. ज्याचे बिल वर्षभर अडते, तो त्याचे व्याज पुढच्या निविदेत धरणारच.

आणि सर्वांत मोठा प्रश्न, समोर कोण? मैदानात पाच-सहा तगडे गडी असले तर दर ‘बिलो’, म्हणजे अंदाजित खर्चाच्या खाली, जातो. दोघेच उरणार असा अंदाज आला की तोच कंत्राटदार दर चढवतो.

सर्वांत स्वस्त तेच उत्तम, असे मुळीच नाही. फार खाली दर भरणाऱ्याचे काम पुढे रखडते किंवा कच्चे होते, म्हणून तर सरकार त्याच्याकडून जादा अनामत घेते. तांत्रिक छाननी हवीच. पण शर्यतीत कोण राहणार हे ती ठरवते, म्हणजे भावावरही तिचा हात असतो. म्हणून बाद झालेल्याला कारणे लेखी मिळावीत, तीही इतरांची दराची पाकिटे उघडण्याआधी, आणि हरकतीसाठी मुदतही मिळावी. निविदा रद्द करताना एमएमआरडीएने मूळ खर्चाचा फेरआढावा घेण्याचे जाहीर केले. पण निविदेच्या अटींमध्ये लेखी कारणांची आणि हरकतीच्या मुदतीची तरतूदही यायला हवी.