पांच वर्षांची हमी व तिचें खरें मोल

एका वाचक गृहस्थांनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांची पुतणी यंदा अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावयाची असून तिच्यासाठीं घरीं संगणक घ्यावयाचा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लींतील दोन लहान दुकानदारांनीं सुटे भाग जोडून देण्याचे भाव सांगितले. भाग दोघांचे सारखेच. पहिला ६०,००० रुपये मागतो आणि ज्या त्या भागावर ज्या त्या उत्पादकाची वॉरंटी देतो. दुसरा ६६,००० रुपये मागतो, परंतु ‘सर्व भागांवर दुकानाची ५ वर्षांची वॉरंटी’ असें बिलावर लिहून देण्यास तयार आहे. मुलीचें शिक्षण ४ वर्षांचें. तेव्हां ५ वर्षांची निश्चिंती मिळत असतां ६,००० रुपयांकडे पाहूं नये, असें घरांतील वडील मंडळींचें मत पडलें. तें ग्राह्य धरावें काय?

प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण तसा नाहीं. एकत्र कुटुंबांत असे पैसे कोणाच्या निवृत्तिवेतनांतून, कोणाच्या पगारांतून काढलेले असतात. शिवाय ऐन परीक्षेच्या सुमारास यंत्र बंद पडलें आणि हमी देणाराच जागेवर नसला, तर नुकसान पैशांपुरतें राहत नाहीं.

वॉरंटी हें आज पैसे मोजून घेतलेलें उद्यांचें वचन होय. म्हणून वर्षें मोजण्याआधीं वचन देणारा कोण, हें पाहावें लागतें. आपल्या व्यवहारशास्त्रांत हमी देणाऱ्यास ‘प्रतिभू’ म्हणत. याज्ञवल्क्यस्मृतींत त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ऋणको वेळेवर हजर होईल असें सांगणारा तो दर्शनाचा प्रतिभू. हा मनुष्य विश्वासू आहे असें सांगणारा तो प्रत्ययाचा. आणि त्यानें न दिल्यास मी देईन असें सांगणारा तो दानाचा. पहिले दोघे वारले तर त्यांच्या पुत्रांवर देणें येत नाहीं. तिसऱ्याच्या पुत्रांवर मात्र येतें, असा तेथें मार्मिक भेद केला आहे. दुकानदाराचा कागद हातीं घेतांना हाच प्रश्न विचारावा : ही हमी केवळ प्रत्ययाची आहे, कीं दानाची?

आतां त्या ५ वर्षांचे तुकडे पाडून पाहूं. इंटेल व एएमडी यांच्या पेटीबंद प्रोसेसरांवर साधारणतः ३ वर्षांची हमी उत्पादकच देतो. मदरबोर्डावरही बहुधा तितकीच असते. रॅमवर पुष्कळदां त्याहून दीर्घ असते. एसएसडीवर ३ किंवा ५ वर्षांची असते, परंतु तीवर एकंदर किती मजकूर लिहिला जावा याची मर्यादा घातलेली असते. तेव्हां पहिल्या ३ वर्षांपुरतें मुख्य भागांचें ओझें उत्पादकाच्या खांद्यावर आहे आणि त्याचे पैसे ६०,००० रुपयांतच आले. वरचे ६,००० रुपये मुख्यतः चौथ्या व पांचव्या वर्षासाठीं आहेत.

येथें एक खोंच ध्यानांत ठेवावी. पेटीवांचून सुटा मिळणारा प्रोसेसर, किंवा अधिकृत आयातदाराचें लेबल नसलेला भाग, यांवर उत्पादकाची हमी ग्राहकास सहसा लागू होत नाहीं. असा माल स्वस्त पडतो. मग दुकानदाराची लांबलचक वॉरंटी ही उत्पादकाच्या हमीवर चढविलेला मजला नसून तिच्या जागीं उभें केलेलें ठिगळ असूं शकतें. म्हणून सीलबंद पेटी समोर उघडावयास लावावी.

चौथ्या-पांचव्या वर्षाचें मोल काय? यंत्रांतील दोष बहुधा अगदीं आरंभीं तरी दिसतात, नाहीं तर झीज झाल्यावर. अभियंते त्या आलेखास बाथटबाची उपमा देतात : दोन्ही कडा उंच, मध्य सखल. आरंभींची कड उत्पादकाच्या हमीखालीं येते. पुढची मोजण्यासाठीं आपण नुसता हिशेबाचा नमुना घेऊं. त्या दोन वर्षांत प्रत्येकीं ४,००० रुपयांचे तीन भाग बिघडूं शकतात आणि प्रत्येकाचा संभव चारांत एक आहे असें समजा. मग अपेक्षित खर्च ३,००० रुपये झाला. दुकान तोंपर्यंत चालूं असण्याचा व शब्द पाळण्याचा संभव निम्मा धरला, तर वचनाची किंमत १,५०० रुपये राहते. आकडे आपापल्या समजुतीप्रमाणें बदलावेत. परंतु गुणाकार केल्यावांचून ६,००० रुपये देऊं नयेत.

शिवाय यंत्र धडधाकट असूनही निरुपयोगी होऊं शकतें. विंडोज १० ही प्रणाली २०१५ सालीं आली आणि तिचें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. आठव्या पिढीपूर्वींच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं. त्या यंत्रांचा एकही भाग जळाला नव्हता. म्हणून कोणतीही वॉरंटी त्यांच्या उपयोगीं पडली नाहीं.

दुकानदार लबाड असतो असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. अडचण निराळी आहे. विमा कंपनीस दिलेल्या वचनांपोटीं आवश्यक त्या रकमेच्या दीडपट भांडवल राखण्याचें बंधन आहे आणि तिजवर नियामकाची देखरेख असते. लहान दुकानदारावर असें बंधन नाहीं. आजच्या गिऱ्हाइकाचे ६,००० रुपये बहुधा आजच्याच गाळ्याच्या भाड्यांत जातात आणि पांचव्या वर्षाचा खर्च पांचव्या वर्षाच्या गिऱ्हाइकाकडून निघेल अशी तो आशा करतो. धंदा मंदावला म्हणजे मनाचा प्रामाणिकपणा असूनही हात रिकामा पडतो.

कायदा ग्राहकाच्या पाठीशीं आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणें योग्य चाचणीवांचून वस्तूच्या टिकाऊपणाची हमी देणें व बिल न देणें या अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. राहत्या जिल्ह्यांतील ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आंत तक्रार करतां येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाहीं. एकमालकी दुकान बंद झालें तरी मालक व्यक्तिशः जबाबदार राहतो. परंतु तो कोठें गेला हें शोधणें व निकालाची वसुली करणें आपल्यावरच येतें.

म्हणून कोणत्याही दुकानांतून घेतलें तरी पुढील गोष्टी लेखी मागाव्यात. बिल जीएसटीचें असावें व त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असावा. भाग मिळेनासा झाल्यास समतुल्य नवा भाग मिळेल, कीं घटलेल्या किंमतीचे पैसे? ने-आण व मजुरी कोणाकडे? विजेच्या चढउतारानें जळाल्यास काय? दुरुस्तीस किती दिवस, आणि तोंवर पर्यायी यंत्र मिळेल काय? ‘सर्व भाग’ या दोन शब्दांवर विसंबूं नये; कीबोर्ड, पंखा, केबिनेट त्यांत येतात कीं नाहीं, तें नांवानिशीं लिहून घ्यावें. आणि यंत्रांत सांठविलेला मजकूर कोणत्याही वॉरंटींत येत नाहीं, हें मुलीसही सांगून ठेवावें.

लहान दुकानाचें खरें मोल निराळ्या ठिकाणीं आहे. यंत्र अडलें असतां कोणता भाग बिघडला हें तो तासाभरांत ओळखतो आणि उत्पादकाच्या सेवाकेंद्राकडे आपल्या वतीनें खेपा घालतो. ही सेवा पहिल्या २-३ वर्षांसाठीं लेखी मिळत असेल, तर तिच्यासाठीं हजार-दीड हजार रुपये अधिक देण्यास आमची हरकत नाहीं. पांच वर्षांच्या वचनापेक्षां तो तें सहज पाळूं शकेल, आणि त्याची अब्रूही राहील.

पत्रलेखक गृहस्थांस आमचें सांगणें असें : ६०,००० रुपयांचा सौदा करावा, सेवेचें तेवढें बोलून घ्यावें. उरलेल्या रकमेंतून मजकुराची दुसरी प्रत ठेवण्यासाठीं एक बाहेरची डिस्क घ्यावी आणि बाकी मुलीच्या नांवें पोस्टांत ठेवावी. चौथ्या वर्षीं कांहीं बिघडलें तर पैसे हातीं असतील. न बिघडलें तर ते तिचेच राहतील. वडील मंडळींस निश्चिंती हवी आहे, आणि ती रास्तच आहे. परंतु दानाचा प्रतिभू जेथें घरांतच मिळतो, तेथें तो गल्लींत शोधण्याचें कारण नाहीं.